माय, बाई आणि कोपऱ्यातली सही

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते.

"आमची माय गेल्या कार्तिकात गेली. वय ९३. तापीकाठच्या आमच्या गावात मुलींच्या शाळेत तिनं तीसएक वर्षं चित्रकला शिकवली. घरी जलरंगात चित्रं काढायची. श्रावणात कानबाई देवीच्या सणाला, रोटांना, गाणी म्हणायची. नागपंचमीला तिनं भिंतीवर काढलेले नाग बघायला गल्ली जमायची. शेवटच्या सहा वर्षांत तिची स्मृती गेली. मी नाशिकला असते, महिन्यातून एकदा जायचे. शेवटी शेवटी ती मला ओळखत नव्हती, वहिनीला मात्र 'माय' म्हणायची. त्या काळात ती पेपरच्या समासात, कॅलेंडरच्या मागं एकच आकृती काढत बसायची. एक गोल आणि त्याला एक उभी रेघ. त्याचे गठ्ठे आहेत घरात. वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायचं दादानं ठरवलं आहे आणि लिहायचं काम माझ्यावर टाकलं आहे. दादा म्हणतो, ते गठ्ठे तापीत सोडून देऊ, मायला लोकांनी त्या अवस्थेत बघायला नको. चांगली चित्रं तेवढी छापू, वर 'आदर्श माता' लिहू. चित्रांवरच्या सह्याही एकसारख्या नाहीत, काहींवर तिचं माहेरचं नाव आहे. ती चित्रं वगळू असंही तो म्हणतो. चार महिने झाले, मी कागद घेऊन बसते आणि एक ओळ होत नाही. डोळे मिटले की शेवटची मायच दिसते. आधीची ८७ वर्षं कुठं गेली? आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. रविवारी दुपारी माय दार लावून घ्यायची. आत चित्र काढायची, आम्ही पोरं बाहेर. त्याचा राग मला अजून येतो. असं मन घेऊन तिच्यावर लिहावं का? आणि त्या गठ्ठ्यांचं काय करावं?"

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला उशीर चालणार नाही. ते गठ्ठे तापीत सोडू नका. निदान वर्षश्राद्ध होईपर्यंत तरी नाही. छापायचे की नाही, कुणाला दाखवायचे, हे पुढं कधीही ठरवता येईल. नदीत सोडलेला कागद मात्र परत मागता येत नाही. दादांशी वाद घालू नका. "एवढं वर्ष जाऊ दे, दादा," इतकंच म्हणा.

दादांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही, घाईचं वाटतं. जिनं गावातल्या दोन पिढ्यांच्या मुलींना रेघ मारायला शिकवली, तिची थरथरती रेघ लोकांपुढं जाऊ नये असं मुलाला वाटतं, यात मायाच आहे. शिवाय त्यात एक खरा मुद्दा आहे. त्या कागदांबद्दल 'दाखवा' किंवा 'नको' असं सांगण्याच्या अवस्थेत बाई नव्हत्या. (मी त्यांना 'बाई' म्हणते आहे. गाव त्यांना तेच म्हणत असणार. 'माय' हा शब्द तुमच्या घरातला आहे, तो तुमच्याकडेच राहू द्या.) म्हणून ते कागद जपावेत असं मी ठामपणे म्हणते, पण स्मरणिकेत भरभरून छापावेत असं म्हणत नाही. जपणं वेगळं आणि मांडणं वेगळं. तुमच्या घरात सध्या दोन्ही एकच समजलं जातंय आणि भांडण तिथंच अडलं आहे.

विल्यम उटरमोलेन नावाचे एक चित्रकार होते, मूळचे अमेरिकन, राहायला लंडनमध्ये. १९९५ साली त्यांना अल्झायमर असल्याचं निदान झालं. त्यानंतर काही वर्षं ते स्वतःचाच चेहरा काढत राहिले. पुढच्या पुढच्या चित्रांत तो चेहरा विरत जातो, नाकडोळे जागा सोडतात. त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी ती चित्रं दडवली नाहीत. ती प्रदर्शनांत लागली, मेंदूच्या डॉक्टरांनी अभ्यासली. पण फरक लक्षात घ्या. आजार कळल्यावर, समजून उमजून, त्यांनी ती चित्रं काढायला घेतली होती. बाईंच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. म्हणून 'बघा, त्यांनी दाखवली, तुम्हीही दाखवा' असं मला सुचवायचं नाही. आजारात हातून झालेलं काम म्हणजे रद्दी, हे गृहीत धरू नका, एवढंच सांगायचं आहे.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेली एक गोष्ट. बाई पेपरच्या समासात काढायच्या. ताई, पेपरवर तारीख असते.

त्यांच्या जलरंगातल्या चित्रांपैकी किती चित्रांवर तारीख आहे, बघा. घरी काढलेल्या चित्रावर माणसं सहसा तारीख घालत नाहीत. म्हणजे ९३ वर्षांच्या आयुष्यातल्या ज्या तुकड्याची तारीखवार नोंद तुमच्या घरात आहे, तो नेमका तुम्ही हरवला म्हणता तोच. कोणत्या दिवसात हात चालला, कधी खंड पडला, गोल कधी मोठा झाला, रेघ गोलापासून कधी सुटली, हे सगळं त्या गठ्ठ्यांत आहे. एखादा पेपर रद्दीतला, जुना असू शकतो. तेव्हा 'या तारखेच्या आधी नाही' एवढंच खात्रीनं म्हणता येईल. तेही थोडं नाही. त्यातला सगळ्यात उशिराचा कागद कोणत्या तारखेचा आहे, हे कुणी बघितलंय का?

तो गोल आणि ती उभी रेघ म्हणजे काय, याचा अर्थ लावायची घाई करू नका. वाचताना माझ्या डोळ्यापुढं दळायचं जातं आणि त्याचा खुंटा आला. दुसऱ्या कुणाला चाक दिसेल. कदाचित त्यात काहीच नसेल, आयुष्यभर मुलींच्या कागदावर गोल गिरवून देणाऱ्या हाताची ती सवय असेल. तुम्हाला काय दिसतं ते तुम्ही लिहा, पण 'माय जातं काढत होती' असं छापू नका. ते आपण तिच्या तोंडी घातलेलं होईल.

आणि या कागदांबद्दल सगळ्यात जास्त ज्यांना माहीत आहे, त्यांचं नाव तुमच्या पत्रात एकदाच आलं आहे. वहिनी. सहा वर्षं पेन्सिल कुणी हातात दिली? समास कोरा असलेला पेपर कुणी शोधून ठेवला? ते कागद चुलीत न घालता गठ्ठे करून कुणी बांधले? मला वाटतं हे दादांनी केलेलं नसावं. बाईंनी त्यांना 'माय' म्हटलं, हे तुम्हाला लागलं आहे, आणि लागणारच. लेक महिनाभर दिवस मोजून जाते आणि आई दुसरीलाच माय म्हणते. पण त्या हाकेत तुमचं काही काढून घेतलेलं नव्हतं. भरवणारा, अंघोळ घालणारा हात तो माय, एवढंच त्या मनात शिल्लक होतं. जवळ बसा वहिनींच्या. "मायच्या शेवटच्या वर्षांचं तुम्ही लिहा" म्हणा. त्या म्हणतील, मला कुठं लिहिता येतं. मग त्या भाकरी थापत असताना फोन शेजारी ठेवा आणि त्यांना बोलू द्या. जे बोलतील ते त्यांच्याच अहिराणीत उतरवा. प्रमाण मराठीत आणू नका, धार जाते.

स्मरणिकेतला शेवटच्या सहा वर्षांचा भाग त्यांच्या नावानं छापावा, असं माझं मत आहे. तसं झालं तर ते कागद कसे दिसतील याची दादांची भीतीही बरीच कमी होईल. छापायचाच असेल तर एखादाच कागद, वहिनींच्या मजकुराशेजारी, आणि तुम्हा सगळ्यांना पटला तर. एकालाही नको वाटला तर नको.

आता तुमची ८७ वर्षं.

माझी आई शेवटची चार वर्षं अंथरुणावर होती. ती गेल्यावर जवळपास वर्षभर मला फक्त ती खोली आठवायची. पांघरुणावर ठेवलेला हात, औषधाचा वास, पाणी पाजायचा चमचा. मीही तुमच्यासारखीच घाबरले होते, वाटलं आपण तिला हरवून बसलो. मग एका हिवाळ्यात जळगावच्या बाजारात भरताची वांगी घेत होते, बामणोदची, पांढुरकी हिरवी. शेजारची बाई एकेक वांगं तळहातावर ठेवून जोखत होती. मोठं पण हलकं, म्हणजे बी कमी. आणि तिथं, त्या टोपलीपाशी, माझी चाळीस वर्षांची आई उभी राहिली. तळहात तसाच, थोडा वाकडा, अंगठ्यानं देठाजवळ दाबून बघणारा. मी वांगी न घेताच घरी आले आणि रात्री उशिरापर्यंत लिहीत बसले.

हे माझ्यापुरतं झालं. तरी मला इतक्या वाचकांनी असंच लिहिलंय की एवढं म्हणायला हरकत नाही: लांबलेलं आजारपण आधीच्या चित्रावर चुन्याच्या हातासारखं बसतं. खालचं गेलेलं नसतं. पण डोळे मिटून, कागदापुढं बसून ते वर येत नाही. हाताला काहीतरी लागावं लागतं. तुमच्याकडं तर चित्रं आहेत. आणि सह्या.

सह्यांचं तुम्ही तक्रारीसारखं लिहिलंत, मला ते वाचून फार आनंद झाला. मधली खोली मोकळी करा, जमिनीवर स्वच्छ चादर अंथरा आणि चित्रं विषयाप्रमाणं न लावता सहीप्रमाणं लावा. एका रांगेत माहेरच्या नावाची. मग सासरच्या नावाची. एखाद्या काळात नुसतं पहिलं नाव असेल, त्याची वेगळी रांग. बिनसहीची वेगळी. शेवटी पेपरचे गठ्ठे. त्या काळी लग्नात पहिलं नावही बदलत, तसं असेल तर रांगा आणखी स्पष्ट होतील. तुम्हाला जे आयुष्य एकसंध आठवत नाही, ते तुमच्या पायाशी ओळीनं पसरलेलं दिसेल. सासरचं नाव कोणत्या चित्रापासून सुरू झालं? मध्ये मोठी पोकळी आहे का? ती तुमच्या आणि दादांच्या जन्माच्या वेळची आहे का?

चित्रं उलटी करूनही बघा. पाठीवर हिशेब असतात, पत्ते असतात, कुणाच्या लग्नाचा मुहूर्त असतो. 'पूर्व खानदेश' किंवा 'पश्चिम खानदेश' असा जिल्हा लिहिलेला एखादा लिफाफा किंवा प्रमाणपत्र सापडलं, तर ते १९६० च्या सुमाराच्या आधीचं समजा, कारण महाराष्ट्र झाल्यावर ही नावं जाऊन जळगाव आणि धुळे आली. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांची प्रमाणपत्रं मिळाली तर वर्ष नक्कीच कळेल.

म्हणून दादांच्या तिसऱ्या म्हणण्याला मात्र माझा सरळ विरोध आहे. माहेरच्या नावाची चित्रं वगळायची नाहीत. ती वगळली तर या घराचा उंबरा ओलांडण्याआधी हातात कुंचला धरणारी मुलगी पुसली जाते. बाई तुमच्या माय होण्याच्या आधीपासून चित्रकार होत्या. सही तेच सांगते आहे.

आता दाराबद्दल.

तुमच्या पत्रातली सगळ्यात जिवंत ओळ तीच आहे. "रविवारी दुपारी माय दार लावून घ्यायची." ताई, चार महिने तुम्हाला पहिलं वाक्य मिळत नव्हतं ना? ते तुम्ही मला पाठवून दिलंत.

तो राग चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला दाराबाहेर बसून आतल्या पाण्याच्या वाटीत कुंचला हलवल्याचा आवाज ऐकू येत असेल आणि दार उघडत नसेल, तर तिचं एकटेपण खरं होतं. त्याला 'पण आईलाही वेळ हवाच ना' असं उत्तर देऊन ते मिटत नाही. मात्र आता तुमच्या हाती आणखीही काही आहे. शाळा, घर, सणवार, पाहुणे, खापरावरच्या पुरणपोळ्या, हे सगळं करून आठवड्यातून एक दुपार. तीस वर्षं शिकवलं म्हणजे तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींच्या कागदावर हात चालवला. स्वतःच्या कागदाला उरली ती एवढीच दुपार. चित्रं मोजा आणि दुपारी मोजा. प्रत्येक चित्र कुठल्या तरी बंद दारामागचं आहे. म्हणजे तुम्ही आज ज्या चादरीवर ती मांडणार आहात, तिच्यावर तुमच्या बालपणाच्या दुपारीही पसरलेल्या असतील. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि दोन्ही लिहिण्यासारख्या आहेत. रागासकट लिहिलेलं वाचून कुणी बाईंना कमी लेखणार नाही. उलट तो राग वगळून लिहायला बसलात म्हणून तर ओळ होत नव्हती, असं मला वाटतं.

आणि म्हणूनच 'आदर्श माता' नको. तो मान आहे हे मला कळतं. पण तो शब्द कुणाच्याही फोटोवर बसतो. दादांना भांडून सांगू नका. त्यांना एक काम द्या. बाईंबद्दल फक्त त्यांनाच माहीत असलेली एक गोष्ट त्यांनी लिहून द्यावी, अर्धं पान. मुलग्यांना आईचं बाजाराचं, बँकेचं, दवाखान्याचं, रात्रीच्या प्रवासाचं असं बरंच माहीत असतं, जे लेकींना माहीत नसतं. ते अर्धं पान हाती आलं की मथळा आपोआप बदलेल, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या मनात एक ओझं दिसतं की मायवर लिहायचं तर संपूर्ण लिहायला हवं आणि ते मीच लिहायला हवं. ९३ वर्षं एका माणसाला कशी माहीत असतील? तुम्ही जन्मलात तेव्हा बाई पस्तिशीच्या आसपास असतील, नंतर तुम्ही सासरी गेलात. आपल्याच जळगावच्या बहिणाबाई चौधरींचं उदाहरण डोळ्यापुढं ठेवा. त्यांना लिहिता येत नव्हतं. काम करता करता त्या जे बोलत, गात, ते मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी टिपून ठेवलं. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. दुसऱ्या वर्षी ती गाणी पुस्तकरूपानं आली, कारण आचार्य अत्र्यांनी ती वही बघून हे महाराष्ट्रापुढं यायलाच हवं असा आग्रह धरला. गाणारी एक, टिपणारे दोघं, पुढं नेणारा आणखी एक. आणि जे त्या वेळी कुणी टिपलं नाही ते गेलंच. तेव्हा टिपणाऱ्या हातांची संख्या वाढवा.

बाईंच्या विद्यार्थिनी शोधा. आज कुणी साठीत असेल, कुणी सत्तरीत. त्यांना "बाई कशा होत्या?" असं विचारू नका. "फार प्रेमळ होत्या, शिस्तीच्या होत्या" हेच उत्तर दहा जणींकडून येईल. विचारा: बाईंनी तुमच्या कागदावर स्वतःच्या हातानं काय केलं होतं? कुणाची रेघ दुरुस्त केली, कुणाचा रंग पाण्यानं उचलला, कुणाचं मनगट धरून म्हटलं, "हात मोकया सोड वं पोरी." असं एकेक येईल. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवायला सांगा, लिहायला सांगितलं तर निम्म्या जणी लाजतील. आवाज फोनमध्ये ठेवू नका, दुसऱ्या ठिकाणी प्रत करून ठेवा. आमच्या घरी आजीच्या कानबाईच्या गाण्यांची एक कॅसेट होती. कुणीतरी तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. वीसएक मिनिटं उरली आहेत. त्यात गाण्यापेक्षा जास्त भांड्यांचा आवाज आहे आणि मधूनच "चहा ठेवला का गं" असं कुणीतरी विचारतं. तेवढ्या वीस मिनिटांसाठी आम्ही भावंडं आजही एकत्र बसतो.

स्मरणिकेला वर्षश्राद्धाची मुदत पाळलीच पाहिजे असं नाही. कार्तिकात चार पानांची घडी काढा. सहीच्या चार रांगांतलं एकेक चित्र, तुमचा दाराचा मजकूर, वहिनींचा मजकूर, दादांचं अर्धं पान. पुस्तक होईल तेव्हा होईल. आपल्या चाळीसगावात केकी मूस यांचं घर त्यांच्या छायाचित्रांसह, चित्रांसह कलादालन म्हणून टिकून आहे. ते १९८९ मध्ये गेले. त्यांच्या मागं ते सांभाळायला एक प्रतिष्ठान उभं राहिलं. असं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, आणि ते मोजमाप धरून आपल्या घरातल्या चित्रांना छोटं समजू नका. एक गोदरेजचं कपाट आणि ते उघडणारी तीन माणसं, एवढ्यावरही पुष्कळ टिकतं.

पण ते नीट टिकावं म्हणून काही गोष्टी सांगते. तुमच्यासारख्या अनेकांना त्या उपयोगी पडतील. सगळ्यात आधी पेपरच्या कागदांचे फोटो काढा, जलरंगांच्याही आधी. वर्तमानपत्राचा कागद हलक्या लगद्याचा असतो. तो पिवळा पडतो, तडकतो आणि शेवटी हातात भुगा येतो. त्याला फार वर्षं मिळणार नाहीत. सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी कागद सपाट ठेवा, फोन बरोबर वर धरा, फ्लॅश बंद ठेवा. पेपरची तारीख फोटोत आली पाहिजे. शेजारी चिठ्ठीवर क्रमांक. तोच क्रमांक कागदाच्या मागं पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेननं नको, शाई पुढं उमटते. लॅमिनेशन कुणी कितीही सुचवलं तरी करू नका. उष्णतेनं चिकटवलेलं प्लॅस्टिक परत काढता येत नाही, चित्र त्यातच मरतं. सेलोटेपही नको. चांगल्या चित्रांच्या मध्ये वर्तमानपत्र घालून ठेवायची आपली सवय मोडा, त्याचा पिवळेपणा चित्राला लागतो. आम्लरहित कागद मोठ्या शहरातल्या चित्रसाहित्याच्या दुकानात मिळतो, नाशिकला चौकशी करा. तोपर्यंत जुनं, धुतलेलं पांढरं सुती कापड चालेल. चित्रं गुंडाळू नका, आडवी सपाट ठेवा. आणि पत्र्याखालच्या माळ्यावर कधीच नको. आपल्याकडं वैशाखात पारा ४५ च्या पुढं जातो, माळ्यावर तर भट्टी होते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. पावसाळा संपला की एकदा सगळं उघडून वाळवी, कसर बघा. कडुनिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडीत ठेवा, कागदावर थेट ठेवला तर डाग पडतो.

हक्काचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण स्मरणिका निघाली की तो येतोच, म्हणून थोडक्यात. बाईंनी मृत्युपत्र केलं नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणं त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी दोघांचा सारखा हिस्सा असतो, वडील हयात असतील तर त्यांचाही. चित्रंही त्यातच आली. चित्र छापण्याचा हक्क ही वेगळी गोष्ट. तो चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं वारसांकडं राहतो. हे दादांना ऐकवण्यासाठी नाही. उद्या कुणी छापायला मागितलं तर तुम्ही भावंडांनी मिळून हो किंवा नाही म्हणायचं आहे, एवढं ध्यानात असू द्या.

राहिले भिंतीवरचे नाग. ते कुठंच नाहीत, कारण दर वर्षी चुना लागला. त्याची खंत करू नका. बाईंना दुसऱ्या वर्षी कोरी भिंत हवी असायची. येत्या श्रावणात घरातल्या एखाद्या नातीला किंवा नातवाला गेरू कालवून द्या, तुम्हाला आठवतो तसा नाग सांगा, बाकीचा त्यांच्या मनानं काढू द्या. पाठोपाठ कानबाई येते. रोटांच्या रात्री ज्या बायका बाईंच्या जोडीनं गायच्या, त्या गातीलच. फोन कोनाड्यात ठेवून द्या आणि तुम्हीही गा. एकटीच्या गळ्यातलं नव्हतंच ते गाणं, म्हणून ते अजून अर्धंमुर्धं गल्लीत असणार.

पण त्याआधी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आहे. माय गेल्यानंतरची पहिली. लेकी माहेरी येतात, तशा तुम्हीही जाल. मायच्या नावानं घागर भरली जाईल, त्यावर डांगर (खरबूज) ठेवलं जाईल, आमरस-पोळीचा घास निघेल. जेवणं झाली, दुपारी सगळे पडले, की दादांना आणि वहिनींना मधल्या खोलीत बोलवा. दार उघडंच ठेवा. ते गठ्ठे खाली घ्या आणि पहिल्या गठ्ठ्याची सुतळी वहिनींना सोडू द्या.